छातीवरच्या जांभळ्या रेघा

प्यो ओक-रान बायकांची अंगं घासते. बुसानच्या योंगदो बेटावर, जहाजदुरुस्तीच्या गोद्यांकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक जुनं न्हाणीघर आहे. त्याचं विटांचं धुराडं लांबून दिसतं. आत बायकांच्या बाजूला, गरम पाण्याच्या हौदापलीकडे गुलाबी रेक्झिनचं एक बाकडं आहे. त्यावर एकेक बाई येऊन आडवी होते आणि ओक-रान हातात हिरवा खरखरीत मोजा चढवून तिला मानेपासून टाचेपर्यंत घासून काढते. कूस बदलायची वेळ झाली की ओल्या तळहातानं बाईच्या कुल्ल्यावर दोनदा थापटते. बोलावं लागत नाही. एकोणीस वर्षं हे चाललंय.

एवढ्या वर्षांत तिनं काय पाहिलं नाही? सिझेरियनचे टाके, तेलानं भाजलेल्या मांड्या, एकीच्या खांद्यावर नवऱ्याआधीच्या कुणाचं तरी गोंदलेलं नाव. पाठ घासता घासता कुणाचं लग्न मोडायला आलंय हे तिला कळतं, असं हौदातल्या बायका म्हणत. ओक-रान म्हणे, "पाठीवरून फक्त पाठ कळते."

तिचं स्वतःचं अंग मात्र कुणी पाहिलं नव्हतं. कामाच्या वेळी ती घालायची काळी ब्रा आणि काळी चड्डी. तिच्या धंद्यातल्या सगळ्याच घालतात. पण बाकीच्या जणी काम संपलं की कपडे काढून हौदात उतरतात, गप्पा मारतात. ओक-रान सगळ्या गेल्यावर, दिवा अर्धा मालवून, दाराकडे पाठ करून अंघोळ करायची. तीन बाळंतपणं, त्यातलं एक मूल वाचलं. वजन एकदा खूप वाढून उतरलं. छाती ओघळून पार बेंबीच्या दिशेला निघाली होती. वाफेत दिवसभर वाकून घासायचं म्हटलं की घडीखालची कातडी कायम ओली राही. उन्हाळ्यात तिथं लाल चट्टे उठत, चिघळत. खांद्यांवर पट्ट्यांनी दोन खळगे पाडले होते. पण औषधाच्या ट्यूबेनं भागतं, हे तिला माहीत होतं. खरं दुखणं दुसरंच होतं. तिला भर दुपारी, सगळ्यांच्यात, त्या हौदात बसायचं होतं.

आणखी एक गोष्ट तिनं लपवलेली होती. दुपारच्या सुट्टीत ती गच्चीवर जायची आणि धुराड्याच्या आडोशाला उभी राहून सिगारेट ओढायची. दिवसाला पाच, कधी सात. हे फक्त बॉयलर सांभाळणाऱ्या योम काकांना ठाऊक होतं, कारण गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असे. त्यांनी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. खाली येताना ती संत्र्याची साल बोटांवर चोळी, चूळ भरी आणि पुन्हा मोजा चढवी.

नवरा गोदीत जहाजं रंगवायचा. बारा वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला. मुलगी उन-सोल तेव्हा पंधराची होती. शेवटच्या वर्षात ती बापाच्या खिशातली सिगारेटची पाकिटं शोधून नळाखाली धरायची आणि भिजलेली पाकिटं त्याच्यासमोर ठेवून रडायची, आवाज न करता. तो गेल्यावर त्याच्या कामाच्या जाकिटात तिच्या हाताला न लागलेलं एक पाकीट निघालं. ओक-राननं ते टाकायला म्हणून गच्चीवर नेलं होतं.

यंदा हिवाळ्यात उन-सोलनं आईपुढे मोबाइल धरला. ती एका जहाज कंपनीत कारकून आहे. तिच्या ऑफिसातल्या दोघींनी आपापल्या आयांच्या ओघळलेल्या पापण्या ऑपरेशननं उचलून दिल्या होत्या. ती म्हणाली, तुझ्यासाठी मी पैसे बाजूला ठेवलेत, पापण्या उचलून घे, वाचताना भुवया वर करतेस. ओक-रान बराच वेळ मुळ्याचं लोणचं चघळत राहिली. मग म्हणाली, "डोळ्यांनी दिसतंय मला. उचलायचंच तर हे उचलू दे." आणि स्वेटरवरून छातीखाली हात धरला. मुलगी आधी हसली. आईचा हात तिथंच राहिला, तेव्हा हसायची थांबली.

उन-सोल नीट विचार करणारी पोर. सोम्यन चौकातल्या प्लास्टिक सर्जरीच्या एका दवाखान्यात जाताना ती मोबाइलवर प्रश्न लिहून घेऊन गेली. बोलायला बसली ती पांढरा कोट घातलेली एक बाई. ती डॉक्टर नव्हती, सल्ला देणारी होती. चेहरा गुळगुळीत, आवाज मधाचा. उन-सोलनं एकेक विचारायला सुरुवात केली. ऑपरेशन कोण करणार? सल्ला एकाचा आणि सुरी दुसऱ्याची, असं चालणार नाही. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ असतील का? ऑपरेशनच्या खोलीतला कॅमेरा चालू ठेवा, तशी लेखी मागणी मी आत्ताच देते. बाईंनी प्रत्येकाला हसून उत्तर दिलं. मग डॉक्टर मेंग येऊन गेले. फीत लावून गळ्याच्या खळग्यापासून बोंडापर्यंतचं अंतर मोजलं आणि गोड न करता सांगितलं: छाती मोठी होणार नाही, उलट लहान वाटेल. जास्तीची कातडी काढून बोंड वर सरकवायचं. म्हणजे काळ्या वर्तुळाभोवती एक व्रण, तिथून खाली एक, घडीत एक आडवा. फिके होतील, जाणार नाहीत. बोंडाची जाण कमी होऊ शकते. वय आणि वजन आपलं काम करतच राहणार, पुन्हा थोडं ओघळेल. आधी छातीचा फोटो आणि सोनोग्राफी. नंतर सहा आठवडे जोर लावायचा नाही, वाफेत जायचं नाही.

"मी वाफेतच राहते," ओक-रान म्हणाली.

"मग सहा आठवडे राहू नका."

डॉक्टर गेले. सल्लागार बाईंनी पुढचा कागद ओढला आणि लेखणी फिरवत विचारत गेल्या. रक्तदाब, साखर, जुनी दुखणी. जिनसेंगचा काढा घेत असाल तर दोन आठवडे आधी बंद. मग त्याच ओघात, वर न बघता, तिथं मोठ्या बाईला हा प्रश्न जसा विचारतात तसा त्यांनी विचारला: "आणि आई, तुम्ही सिगारेटबिगारेट काही ओढत नसालच."

उन-सोलनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मोबाइलवर पुढचा प्रश्न शोधत होती.

"नाही," ओक-रान म्हणाली.

लेखणीनं चौकोनात खूण केली. खाली सही होती. ती ओक-राननं केली. तारीख ठरली साडेतीन आठवड्यांनंतरची.

गुरुवारी नामगुंग बाई आल्या. बाजारात त्यांचं तांदळाच्या वड्यांचं दुकान. साठी उलटलेली, जिभेला हाड नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी छाती उचलून घेतली होती आणि ती साऱ्या न्हाणीघराला दाखवून झाली होती. ओक-रान त्यांच्या व्रणांवरून मोजा हलक्या हातानं फिरवायची. आज तिनं घासता घासता विचारलं, ताई, काही त्रास झाला होता का? नामगुंग बाईंनी पडल्या पडल्या सगळं सांगितलं. पहिला आठवडा कुशीवर झोपता येत नव्हतं. एका बाजूचा टाका उशिरा भरला. उजव्या बोंडाला अजून काही कळत नाही, पण साठीत कळवून करायचंय काय?

मग त्या म्हणाल्या, "माझ्यासोबत एक होती, माझ्या वहिनीची मैत्रीण. ओढायची ती. लपवलंन. बोंड वर सरकवतात ना, ते थोड्याशा रक्तावर जगवायचं असतं बाई. त्या धुरानं नसा आवळतात. पाचव्या दिवशी पट्टी काढली तर काळं. मनुका असते ना, तस्सं."

ओक-राननं कुल्ल्यावर दोनदा थापटलं. नामगुंग बाई पालथ्या झाल्या. ओक-रानला आपला चेहरा लपवायला तेवढा वेळ पुरला.

त्या दिवशी ती गच्चीवर गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली, अर्धी ओढली, विझवली. रविवारी पुलाजवळच्या औषधाच्या दुकानात जाऊन निकोटीनचा च्युइंगम मागितला. दुकानदार म्हणाला, किती ओढतात? ती म्हणाली, नवरा पाच-सहा ओढतो. बारा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या नावावर तिनं दोन डब्या घेतल्या.

आणि खरंच सुटली. पहिले चार दिवस ती बायकांना इतकी जोरात घासत होती की एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "मावशी, कातडी ठेवा थोडी." दुपार झाली की तिचे पाय गच्चीकडे वळत. जीभ जड होई. पण च्युइंगम होता. गालात दाबून ठेवला की डोकं थाऱ्यावर येई. सात दिवस झाले, दहा झाले, सतरा झाले. योम काकांनी एकदा गच्चीची किल्ली पुढे केली, तिनं मान हलवली. त्यांनी किल्ली खिशात टाकली. तिला वाटलं, जमलं. खोटं बोलले होते, आता ते खरं करून टाकलं. कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. सहा आठवड्यांसाठी तिनं साजिक भागातली एक बदली बाई ठरवली, तिला आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या खोडी सांगितल्या आणि छातीचे फोटो काढून आणले. काही वावगं निघालं नाही.

त्या सकाळी उपाशीपोटी मायलेकी साडेआठला दवाखान्यात पोचल्या. उन-सोल बाहेर सोफ्यावर बसली. ओक-रानला आतल्या छोट्या खोलीत नेलं. मागून बांधायचा झगा, तो कमरेपर्यंत खाली. डॉक्टर मेंग आले, हातात जांभळ्या शाईची लेखणी. म्हणाले, सरळ उभ्या राहा, झोपल्यावर सगळं पसरतं म्हणून रेघा उभ्यानं माराव्या लागतात. गळ्याच्या खळग्यातून खाली मधोमध एक रेघ. मग डावीकडे. शाई गार होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिची छाती भर उजेडात इतका वेळ बघत होतं, आणि तिला वाटलं होतं तसं काही मेल्याहून मेल्यासारखं झालं नाही. गोदीत पत्र्यावर खडूनं मापं मारतात, तसं तो माणूस मापं मारत होता.

बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर चौकटीत एक कागद होता. शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे निकोटीन पूर्ण बंद. खाली यादी. सिगारेट. वेप. निकोटीनची पट्टी. चौथ्या ओळीवर तिची नजर थांबली. निकोटीनचा च्युइंगम.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. काल सहा चघळले होते. परवा आठ. हाच कागद घरी दिलेल्या फायलीतही असणार. ती फाईल उन-सोलकडे होती, आणि उन-सोलला ती ओळ वाचून आईला सांगायचं काही कारणच नव्हतं.

लेखणी उजवीकडे आली. काळ्या वर्तुळाच्या वर, जिथं ते जाऊन बसणार होतं, तिथं एक नवा गोल उमटला. बाहेर कुणीतरी भांडी सरकवत होतं, स्टीलची. नर्स म्हणाली, भूल देणारे डॉक्टर आलेत. ओक-रानच्या कानात नामगुंग बाईंचा आवाज होता.  लेखणी खाली घडीकडे निघाली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मी ओढते."

लेखणी थांबली. त्यांनी विचारलं, काय? तिनं सगळं सांगितलं, घाईघाईनं, उलटसुलट क्रमानं. सतरा दिवस बंद आहे, च्युइंगम कालपर्यंत, आधी बारा वर्षं. डॉक्टरांनी लेखणीला टोपण लावलं. नर्सनं झगा वर करून तिच्या खांद्यावर टाकला.

सल्लागार बाई आल्या. त्या आणि डॉक्टर दाराशी हळू आवाजात बोलले. मग बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, खोली लागलेली आहे, माणसं आलीत, सतरा दिवस म्हणजे काही कमी नाहीत. च्युइंगमात धूर तर नसतो. धोका समजावून सांगितला, असं लिहिलेल्या एवढ्या कागदावर सही करा, थोडं कमी उचलू, काळजी घेऊ. मुलीला यातलं काही कळायचं कारण नाही.

कागद मांडीवर आला. लेखणी हातात. ओक-राननं डॉक्टरांकडे बघितलं. ते घड्याळाकडे बघत होते.

"काळं पडलं तर परत येतं का?" तिनं विचारलं.

 सल्लागार बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "ते गळून पडतं."

तिनं लेखणी कागदावर आडवी ठेवली. त्या घटकेला तिला हौद दिसत नव्हता, व्रण दिसत नव्हते. डोळ्यांसमोर फक्त ती एक मनुका होती.

बाईंचा चेहरा तसाच गुळगुळीत राहिला. वाईट बाई नव्हती ती. तिनं दुसरी वाट काढून दिली. म्हणाली, "ठीक आहे आई. मुलीला मी सांगते, रक्तदाब वाढला म्हणून. सहा आठवड्यांनी नवी तारीख देते. असं पुष्कळदा होतं. चालेल?"

चाललं असतं. फार सोपं होतं. ओक-राननं स्वेटर डोक्यातून घातला. रेघांवर लोकर टोचली. मग काय, पुन्हा सहा आठवडे, पुन्हा याच खोलीत, पुन्हा मुलगी बाहेर. आणि आत पुन्हा खोटं बोलणारी ती. ती दार ढकलून बाहेर गेली.

उन-सोल उठून उभी राहिली. आईला कपड्यांत बघून तिचा चेहरा उतरला. "काय झालं? फोटोत काही निघालं का? आई? बीपी वाढलं का?"

सोफ्यावर आणखी तिघी होत्या. एकीच्या नाकाला पट्टी. मागून सल्लागार बाई आल्या होत्या, मान डोलावायच्या तयारीत.

"मी सिगारेट ओढते," ओक-रान म्हणाली. "म्हणून नाही करत आज."

नाकाला पट्टी असलेलीनं मासिक वर धरलं. उन-सोल एक पाऊल पुढे आली. 

"कधीपासून?"

"तुझे बाबा गेले त्या वर्षापासून."

"कुणाला माहितीये?"

"योम काकांना."

मुलगी वळली आणि लिफ्टकडे चालू लागली. तिच्या पाठीमागून ओक-रान, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात न घातलेला कोट. लिफ्टचं दार मिटायला लागलं. आतून एक बूट पुढे आला आणि दार अडलं. दोघी खाली उतरल्या, एकमेकींकडे न बघता, आकडे बघत.

गल्लीत डुकराच्या मटणाचं सूपभात मिळणारं दुकान उघडं होतं. काल संध्याकाळपासून ओक-राननं काही खाल्लं नव्हतं. उन-सोल आत शिरली, दोन वाट्या सांगितल्या, आणि खुर्चीत बसली. सूप आलं. तिनं खारवलेल्या कोळंबीतला अर्धा चमचा आईच्या वाटीत घातला, नेहमी घालते तसा, आणि मग चमचा ठेवून दिला.

"मी सगळं विचारलं त्यांना," ती म्हणाली. "कोण कापणार, कोण भूल देणार, कॅमेरा. रात्र रात्र वाचून लिहिलं होतं. आणि तू शेजारी बसून खोटं बोललीस."

ओक-रान म्हणाली, हो.

"आत गेली असतीस तर? मला कळू नये म्हणून मांस सडू दिलं असतंस?"

"सहीला कागद दिला होता. हातात घेतली होती लेखणी."

उन-सोलचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत, तशीच बसली, आवाज न करता. ओक-राननं ते रडणं बारा वर्षांपूर्वी पाहिलं होतं. यासाठीच तिनं संत्र्याच्या साली चोळल्या होत्या, चुळा भरल्या होत्या. आणि ते आता इथं, सूपच्या वाफेआड, चालूच होतं.

"एवढी भीती वाटते माझी?" मुलगी म्हणाली.

"तुझी नाही. हे असं रडतेस ना, त्याची."

दोघींनी थोडंथोडं खाल्लं. भात फुगला. उन-सोल मध्येच म्हणाली, काकांना माहीत होतं आणि मला नाही. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणायला गेली आणि थांबली. मग नाक शिंकरून म्हणाली, की सहा आठवडे ती रोज सकाळी कामावर जाताना फोन करणार. तो च्युइंगमही कसा सोडायचा ते आरोग्य केंद्रात जाऊन विचारायचं, ती सोबत येईल. आणि मग तुला करायचंच असेल तर करू, नाहीतर नको.

"खोटं बोललीस तर आवाजावरून कळेल मला," ती म्हणाली.

ओक-राननं मान हलवली. "आवाजावरून नाही कळत तुला. बारा वर्षं नाही कळलं. विचारत जा. तोंडावर विचार."

उन-सोलनं वाटी बाजूला सारली. आईकडे बघितलं, तिच्या पिवळट बोटांकडे बघितलं, जणू ती आज पहिल्यांदा दिसत होती.

"आज किती?"

"अजून एकही नाही."

"ओढावीशी वाटतेय?"

स्वेटरखाली रेघा खाजत होत्या. रस्त्यावर, दुकानाच्या काचेपलीकडे, कुणीतरी उभ्या उभ्या सिगारेट पेटवत होतं.

"फार," ओक-रान म्हणाली.